जमिनीत मँगनीज भरपूर, मग पाने पिवळी का?

नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष, कांदा व टोमॅटो उत्पादक शेतकरी आता माती परीक्षण करून घेऊ लागले आहेत. अहवालातील नत्र, स्फुरद व पालाश यांचे आकडे बहुतेकांना समजतात. त्याखाली लोह, जस्त, तांबे व मँगनीज यांच्या चार ओळी असतात. मँगनीजच्या ओळीपुढे 'कमी' असा शेरा आला की शेतकरी तडक कृषी सेवा केंद्रात जातो आणि मिळेल ती पिशवी आणून ठिबकखाली किंवा वाफ्यात टाकतो. पुष्कळदा हा खर्च वाया जातो. तो का वाया जातो हे कळण्यासाठी मँगनीज या धातूचा स्वभाव, विशेषतः त्याची ऑक्साइडे, थोडी समजून घ्यावी लागतात.

प्रथम एक हिशोब पाहू. एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सें.मी. थराचे वजन सुमारे ९ लाख किलो धरतात. आपली काळी जमीन बेसॉल्ट म्हणजे काळ्या पाषाणापासून झालेली आहे आणि या खडकात मँगनीज चांगले असते. अशा जमिनीत एकूण मँगनीज दशलक्ष भागांत १००० भाग (१००० पीपीएम) धरले, तर एकरी ९०० किलो मँगनीज झाले. पिकाची गरज मात्र हंगामात हेक्टरी काही शे ग्रॅम ते एखादा किलो एवढीच असते. म्हणजे कित्येक पिढ्यांना पुरेल एवढा साठा पायाखाली आहे.

प्रयोगशाळा मात्र हा एकूण साठा मोजत नाही. डीटीपीए नावाच्या द्रावणात मातीतून जेवढे मँगनीज उतरते तेवढेच ती मोजते. लिंडसे व नॉर्वेल या शास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत चुनखडीयुक्त जमिनींसाठी योग्य असल्याने आपल्याकडे सर्वत्र वापरली जाते. या पद्धतीने मँगनीज २ पीपीएमपेक्षा कमी भरले तर जमीन कमतरतेची समजतात. २ पीपीएम म्हणजे एकरी १ किलो ८०० ग्रॅम. थोडक्यात, ९०० किलोच्या कोठारातील जेमतेम पावणेदोन किलो मालच मुळांच्या हाताला लागतो. बाकीचा कुलुपात असतो, आणि ते कुलूप म्हणजेच मँगनीजचे ऑक्साइड.

एकच धातू, तीन रंग

मँगनीजची संयुगे शेतकऱ्याच्या घरात पूर्वीपासून आहेत, फक्त ती एकाच धातूची आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. बॅटरीचा जुना सेल फुटल्यावर आतून जी काळी भुकटी निघते तिच्यात मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड व कोळशाची पूड असते. जनावरांना लाळ-खुरकूत झाल्यावर तोंड व खूर धुण्यासाठी जे जांभळे पाणी करतात ते पोटॅशियम परमँगनेटचे. आणि फवारणीसाठी आपण जे फिकट गुलाबी खत आणतो ते मँगनीज सल्फेट.

हा फरक मँगनीजच्या अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले आहेत यावरून पडतो. दोन गमावले की फिकट गुलाबी, पाण्यात सहज विरघळणारे मँगनीज होते. चार गमावले की काळे, पाण्यात अजिबात न विरघळणारे डायऑक्साइड होते. सात गमावले की गडद जांभळे परमँगनेट होते. हे इतके अस्थिर व आक्रमक असते की समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाचे इलेक्ट्रॉन ओढून घेते. रोगजंतू मारण्याची त्याची ताकद यातूनच येते. परमँगनेटचे पाणी हाताला लागले तर थोड्या वेळाने तपकिरी डाग पडतो आणि तो साबणाने निघत नाही. जांभळ्या मँगनीजने आपल्या कातडीचे इलेक्ट्रॉन घेतले आणि त्याचे न विरघळणारे ऑक्साइड झाले, असा त्या डागाचा अर्थ.

पिकाची मुळे यांपैकी फक्त पहिले, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेले मँगनीज शोषू शकतात. काळे डायऑक्साइड मुळाला चिकटून बसले तरी मुळाच्या दृष्टीने तो दगडच.

काळ्या ऑक्साइडचे खरे घर आपल्या राज्यातच आहे. नागपूर जिल्ह्यातील मनसर, कांद्री व गुमगाव आणि भंडारा जिल्ह्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. १८९६ मध्ये सुरू झालेल्या कंपनीचा वारसा सांगणारी सरकारी 'मॉयल' कंपनी त्या चालविते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतील डायऑक्साइडचा दगड कोरड्या सेलच्या कारखान्यांना जातो. सेलमध्ये हे डायऑक्साइड जस्ताकडून आलेले इलेक्ट्रॉन स्वीकारते म्हणून दिवा पेटतो. जमिनीतही ते नेमके हेच काम करते, फक्त तेथे इलेक्ट्रॉन देणारे जस्त नसून जिवाणू असतात.

जमिनीत कुलूप कसे लागते व कसे उघडते

जमिनीतील जिवाणूंना श्वासासाठी प्राणवायू लागतो. पाणी साचून हवा बंद झाली की काही जिवाणू प्राणवायूऐवजी दुसऱ्या पदार्थांवर आपले इलेक्ट्रॉन सोपवितात. प्रथम नायट्रेट संपते, त्यानंतर मँगनीजच्या ऑक्साइडांची पाळी येते आणि मग लोहाची. इलेक्ट्रॉन मिळाले की काळे मँगनीज विद्राव्य मँगनीजमध्ये बदलते. या क्रियेला क्षपण म्हणतात. पाणी ओसरून हवा आत शिरली की उलटा प्रवास, म्हणजे ऑक्सिडीकरण, सुरू होतो. आपल्या जमिनीतील नेहमीच्या सामूला केवळ हवेने हे काम फार सावकाश होते. परंतु काही जिवाणू व बुरशी ते झपाट्याने उरकतात.

दुसरी किल्ली सामूची. ऑक्साइड विरघळण्यासाठी इलेक्ट्रॉनप्रमाणे आम्लही लागते. हवेशीर जमिनीचा सामू एका अंकाने वाढला तर विद्राव्य मँगनीज सुमारे शंभर पटीने घटते. सामू ६.५ असलेल्या व ८.५ असलेल्या जमिनीची तुलना करायची तर हा फरक सैद्धांतिकदृष्ट्या दहा हजार पटींचा होतो. प्रत्यक्षात सेंद्रिय पदार्थ व मुळांतून स्रवणारी आम्ले मध्ये पडतात म्हणून पीक तग धरते, हे वेगळे.

आता आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागात पाऊस धो-धो पडतो, चुना धुपून गेलेला असतो व जमीन काहीशी आम्लधर्मी असते. भाताच्या खाचरात पाणी उभे राहते. दोन्ही किल्ल्या हजर असल्याने तेथे मँगनीजची टंचाई सहसा भासत नाही; शिवाय भाताचे पीक जादा मँगनीज चांगले सहन करते. पूर्वेला निफाड, येवला, चांदवड, सिन्नरकडे आले की पाऊस कमी, जमिनीत चुनखडीचे खडे आणि सामू ८ च्या पुढे. त्यात ठिबकमुळे जमीन नेहमी वाफशावर, म्हणजे हवेशीर राहते. मुळांसाठी ही स्थिती उत्तमच. पण मँगनीजचे कुलूप त्यामुळे अधिक घट्ट बसते. ठिबक सोडून पुन्हा पाटाने पाणी द्यावे असे कोणी यावरून समजू नये.

पाणी उभे केल्याने मँगनीज मोकळे होते हे अर्धेच सत्य आहे. पंजाबात हलक्या रेताड जमिनीत भातामागून गहू घेण्याची पद्धत रुळली, तेव्हा गव्हात मँगनीजची कमतरता दिसू लागली. भाताच्या उभ्या पाण्यात विरघळलेले मँगनीज वर्षानुवर्षे पाण्याबरोबर खाली झिरपून गेले होते. कुलूप उघडले आणि माल चोरीस गेला, असा हा प्रकार. आपली काळी जमीन चिकण असल्याने हा धोका कमी आहे. मात्र नदीकाठच्या पोयट्याच्या व मुरमाड हलक्या जमिनीत तो लक्षात ठेवावा.

हौशी शेतकऱ्यांनी एक साधी चाचणी करून पाहण्यासारखी आहे. बांधाजवळ किंवा खड्ड्याच्या कडेला मातीत मिरीएवढ्या काळ्या गोळ्या किंवा ढेकळांवर काळसर लेप दिसतो. औषधाच्या दुकानात जखमेसाठी मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब त्यावर टाकावेत. मँगनीजचे ऑक्साइड असेल तर लगेच जोरात फसफसते. कुजलेल्या पालापाचोळ्यानेही थोडा फेस येतो, पण तो सावकाश. डोळ्यांत थेंब उडू देऊ नये. पांढऱ्या खड्यांवर लिंबाचा रस पिळून बुडबुडे आले तर तो चुना. एकाच ढेकळात दोन्ही सापडले तर आपल्या जमिनीची कथा हातातच आली असे समजावे.

पानात मँगनीजचे काम काय?

मँगनीज वनस्पतींना आवश्यक आहे हे अमेरिकेतील केंटकी येथे मॅकहार्ग यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले. पान सूर्यप्रकाशात पाण्याचे विघटन करते व प्राणवायू बाहेर सोडते. हे विघटन जेथे होते त्या जागी मँगनीजचे चार, कॅल्शियमचा एक व ऑक्सिजनचे पाच अणू यांचा एक छोटा पुंजका असतो. त्याची नेमकी रचना जपानी शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये उलगडली. गंमत अशी की हा पुंजकाही एक प्रकारचे मँगनीज ऑक्साइडच आहे. जमिनीत जे ऑक्साइड दगडासारखे पडून राहते, तेच पानात प्रथिनाच्या कोंदणात बसून श्वासाचा प्राणवायू तयार करते. मँगनीज कमी पडले की हे काम मंदावते, हरितद्रव्य घटते व शिरांमधला भाग फिकट होतो.

हा फिकटपणा ओळखण्यात मोठी गल्लत होते. लोहाच्या कमतरतेत शेंड्याची अगदी कोवळी पाने पिवळी, पुढे पांढरट होतात व बारीक शिराही हिरव्या जाळीसारख्या स्पष्ट दिसतात. मॅग्नेशियम कमी असेल तर काडीच्या बुडाकडील जुनी पाने कडेकडून आत पाचरीसारखी पिवळी पडत जातात. मँगनीजच्या कमतरतेत शिरांलगत बऱ्यापैकी रुंद हिरवा पट्टा राहतो व मधला भाग फिकट, ठिपकेदार होतो. पिवळेपणा लोहाइतका भडक नसतो. बहुतेक पिकांत ही लक्षणे कोवळ्या व मधल्या पानांवर येतात. द्राक्षात मात्र ती काडीच्या खालच्या पानांपासून सुरू होतात व उन्हाकडील पानांवर अधिक दिसतात, म्हणून तेथे मॅग्नेशियमशी गल्लत होते. कांदा व गहू ही पिकेही मँगनीजच्या बाबतीत नाजूक आहेत.

सततच्या पावसानंतर चुनखडीच्या बागेत शेंडे पिवळे पडले तर तो बहुधा लोहाचा प्रश्न असतो. ओल्या चुनखडीत बायकार्बोनेट वाढते आणि लोहाचा वापर अडतो. मँगनीज त्या वेळी उलट थोडे मोकळे झालेले असते. अशा बागेत मँगनीजचे फवारे मारले तर लोहाची अडचण वाढते, कारण ही दोन्ही एकमेकांना मारक आहेत.

शंका असेल तर पंपभर औषध मारण्याआधी चार पानांवर प्रयोग करावा. एक लिटर पाण्यात ३ ग्रॅम मँगनीज सल्फेट विरघळवून काही फिकट पाने ब्रशने रंगवावीत. दुसऱ्या वेलीवर फेरस सल्फेटचे व तिसऱ्या वेलीवर मॅग्नेशियम सल्फेटचे तसेच द्रावण लावून दोरा बांधावा. आठ-दहा दिवसांत जी पाने हिरवी होतील ते उत्तर. या प्रयोगाला पाच रुपयेही लागत नाहीत.

देठ परीक्षणातील फसवा आकडा

द्राक्ष बागायतदार फुलोऱ्यात घडासमोरील पानांचे देठ तपासणीला पाठवितात. काही अहवालांत मँगनीज व जस्त दोन्ही अचानक फार जास्त दाखविलेली असतात आणि माती परीक्षणात मात्र दोन्ही कमी. दोन्ही प्रयोगशाळा खोट्या असे म्हणून शेतकरी कागद बाजूला टाकतो. खरे कारण बहुधा मँकोझेब असते. या बुरशीनाशकाच्या रेणूतच मँगनीज २० टक्के व जस्त सुमारे अडीच टक्के असते. ७५ टक्के पावडर लिटरला २ ग्रॅमप्रमाणे फवारली तर द्रावणाच्या प्रत्येक लिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम मँगनीज जाते. तेवढ्याच मात्रेच्या मँगनीज सल्फेटच्या द्रावणात सुमारे ६१० मिलिग्रॅम असते. म्हणजे मँकोझेबच्या दोन फवारण्या झालेल्या बागेत मँगनीज सल्फेटच्या एका फवारणीएवढा धातू पानांवर बसलेला असतो. त्यातला थोडा पानात शिरतो, पुष्कळसा देठावर चिकटून राहतो व प्रयोगशाळेत मोजला जातो. धुतल्याने तो सगळा जात नाही.

म्हणून देठ शक्यतो मँकोझेबच्या फवारणीपूर्वी काढावेत. ते शक्य नसेल तर नमुन्याबरोबर मागील फवारण्यांची यादी लिहून द्यावी व अशा अहवालातील मँगनीज-जस्ताच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. मँगनीज मिळावे म्हणून मँकोझेब मारणे तर सर्वथा चूक. निर्यातीच्या बागेत अवशेषांचा प्रश्न उभा राहतो.

मातीच्या नमुन्याबाबतही एक काळजी घ्यावी. ओला नमुना कडक उन्हात पत्र्यावर वाळविला तर त्यातील विद्राव्य मँगनीज वाढते व अहवाल प्रत्यक्षापेक्षा चांगला येतो. नमुना सावलीत, कागदावर पसरून वाळवावा.

उपाय करताना

चुनखडीयुक्त जमिनीत मँगनीज सल्फेट नुसते फेकून देणे मला पटत नाही. खत नियंत्रण आदेशानुसार या खतात मँगनीज किमान ३०.५ टक्के असावे लागते. एकरी १० किलो खत दिले तर ३ किलो मँगनीज पडते. ९०० किलोच्या साठ्यात ३ किलोची भर! पसरून दिलेले हे ३ किलोही थोड्या आठवड्यांतच ऑक्साइडच्या कुलुपात जाऊन बसतात. जमिनीतूनच द्यायचे असेल तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून, मुळांच्या पट्ट्यात अरुंद चरातून द्यावे. शेजारी अमोनियम सल्फेटसारखे आम्लता आणणारे खत असले तर आणखी चांगले. शेणखत कुजताना त्या चिमूटभर जागेत प्राणवायू कमी व आम्ल जास्त होते, म्हणजे दोन्ही किल्ल्या फिरतात. शेणखताने मँगनीज स्वतः फार येत नाही. जमिनीतले मोकळे होते.

गंधकाबद्दल शेतकरी नेहमी विचारतात. गंधक टाकून सगळ्या शेताचा सामू उतरवू असे कोणी सांगितले तर हिशोब मांडावा. जमिनीत केवळ १ टक्का चुना असला तरी एकरी वरच्या थरात तो ९,००० किलो होतो व त्याला मारण्यासाठी सुमारे २,९०० किलो गंधक लागेल. आपल्याकडे चुना याच्या कित्येक पट असतो. मात्र ठिबकच्या रेषेखालील पट्ट्यात थोडे गंधक शेणखताबरोबर दिले तर तेवढ्या जागेपुरता सामू उतरतो आणि मुळांना तेवढी जागा पुरते.

उभ्या पिकात फवारणी हाच खात्रीचा मार्ग. लिटरला २ ते ३ ग्रॅम मँगनीज सल्फेट, सकाळी किंवा संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंनी. कोवळी पालवी असेल तर त्याच्या निम्म्या वजनाचा विरी गेलेला चुना पाण्यात कालवून, वरची निवळी घालावी म्हणजे पाने करपत नाहीत. द्रावण करून ठेवू नये. विहिरीचे पाणी जास्त क्षारयुक्त असेल तर टाकीतच द्रावण तपकिरी होऊ लागते. तेच ते ऑक्साइड, म्हणजे औषध पानावर जाण्याआधीच निकामी झाले. बारा-एकसष्ट-शून्य किंवा शून्य-बावन्न-चौतीस यांसारख्या स्फुरदयुक्त विद्राव्य खतांबरोबर मिसळले तर न विरघळणारे फॉस्फेट तयार होते. बोर्डो मिश्रणात तर ते कधीच टाकू नये. मँगनीज एका पानातून दुसऱ्या पानात फारसे जात नाही. त्यामुळे नवीन पालवी आली की दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फवारावे लागते.

ईडीटीए चिलेटमधील मँगनीज फवारणीला चालते, परंतु चुनखडीच्या जमिनीत दिल्यास कॅल्शियम व लोह त्याची जागा घेतात आणि महागडे मँगनीज बाहेर फेकले जाते. जमिनीतून देण्याच्या ग्रेड १ मिश्रणात मँगनीज १ टक्काच असते हेही लक्षात ठेवावे. ते जस्तासाठी घ्यावे, मँगनीजच्या भरवशावर नव्हे.

खरेदी करताना एक पारख करावी. काही उत्पादनांत मँगनीज ऑक्साइडच्या रूपात असते व वेष्टनावर एकूण मँगनीजचा मोठा आकडा छापलेला असतो. मँगनस ऑक्साइड, म्हणजे हिरवट रंगाचे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेले ऑक्साइड अतिशय बारीक दळलेले असेल तर आम्ल जमिनीत हळूहळू लागू पडते. निफाडच्या जमिनीत त्याचा उपयोग नाही, आणि काळे डायऑक्साइड तर कोठेच खत म्हणून घेऊ नये. चमचाभर माल काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात ढवळून अर्धा तास ठेवावा. सल्फेट पूर्ण विरघळते व पाणी जवळजवळ नितळ राहते. तळाशी काळा किंवा हिरवट गाळ बसला तर तो माल दुकानदाराला परत करावा. सेलमधील भुकटी झाडाच्या बुंध्याशी टाकण्याचा उद्योगही करू नये. तिच्यात जस्ताचे क्षार व इतर नको असलेले धातू असतात.

खोल कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्यांना मँगनीज उलट्या बाजूने भेटते. जमिनीच्या पोटात हवा नसल्याने पाण्यात ते विरघळलेले असते आणि वर येऊन हवा लागली की ठिबकच्या नळीत काळा बुळबुळीत थर बनतो. पाण्यात मँगनीज ०.१ पीपीएमच्या वर असेल तर तोट्या बंद पडण्याची शक्यता सुरू होते व १.५ च्या वर ती गंभीर होते. अशा पाण्यात क्लोरीन सोडायचे असल्यास ते गाळणीच्या आधी, टाकीत सोडावे, म्हणजे तयार होणारे ऑक्साइड गाळणीत अडकेल. गाळणीनंतर सोडले तर ते थेट तोट्यांमध्ये जाऊन बसते.